फ्री थ्रोची रेषा

रेषाकाकांना एक चांगलंसं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर असायचं. एरवी सगळी वस्ती त्यांना रेषाकाकाच म्हणायची. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गाड्या लावायच्या चौकटी, शाळांच्या मैदानांवरच्या आखण्या, हे सगळं मारायचं त्यांचं काम. तीस वर्षं रांगून रांगून गुडघे कामातून गेले होते. शहरातली निम्मी माणसं रोज त्यांच्या कामावर पाय देऊन जायची आणि एकालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. काकांचीही तक्रार नव्हती. रेषा सरळ आली की त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

घरात मात्र या सरळपणाची यथेच्छ टिंगल चालायची. स्वयंपाकघरातली फळी काकांनी स्वतः ठोकलेली होती आणि ती एका बाजूला अशी उतरली होती की डबे दिवसभरात सरकत सरकत कोपऱ्यात गोळा व्हायचे. काकू रोज संध्याकाळी ते पुन्हा ओळीने मांडायच्या आणि म्हणायच्या, जगाला सरळ रेषा आणि आमच्या नशिबी घसरगुंडी. काका हसायचे आणि फळी तशीच ठेवायचे.

लेक एकच. ती दहाव्या वर्षी आईच्या खांद्याला लागली आणि बाराव्या वर्षी बापाच्या. कपडे शिवून आणावेत तोवर आखूड व्हायचे. शाळेतल्या पोरींनी तिचं नाव शिडी ठेवलं आणि तेच पुढे घरीही रुळलं. एवढी उंची वाया घालवायची नाही म्हणून शाळेच्या खेळाच्या बाईंनी दहाव्या वर्षीच तिच्या हातात बास्केटबॉल दिला. त्याच वर्षी शाळेच्या मागच्या सिमेंटच्या मैदानाची आखणी काकांकडे आली होती. त्यांनी बाईंकडचा तक्ता घेतला, जाळीमागच्या बोर्डावरून दोरीला वजन लटकवलेला ओळंबा सोडला, जमिनीवर खूण केली आणि तिथून टेप धरून बरोबर पंधरा फुटांवर फ्री थ्रोची रेषा मारली. लेक शेजारी उभी राहून बघत होती. रंग वाळायची वाट बघायलाही ती तयार नव्हती.

खेळातलं काकांना ओ का ठो कळत नव्हतं. दहाजण एकाच चेंडूमागे का धावतात, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पण फ्री थ्रो त्यांना पहिल्याच दिवशी कळला. समोरच्यानं धक्काबुक्की केली की पंच खेळ थांबवतो आणि रेषेमागे उभं राहून निवांत चेंडू टाकायला देतो. अंगावर कुणी येत नाही. जाळीचं कडं तेवढ्याच उंचीवर, रेषा तेवढ्याच अंतरावर. हात तसाच हलला तर चेंडू तिथेच जाणार. हे तर आपलंच काम, असं काकांना वाटलं, आणि त्या दिवसापासून लेकीचा फ्री थ्रो त्यांनी आपल्याकडे घेतला.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी होती. लेकीच्या कोपराला ते दोरी बांधायचे आणि दोरीला ओळंबा. चेंडू डोक्यापाशी धरला की ओळंब्याचं टोक बरोबर उजव्या पायाच्या अंगठ्यावर आलं पाहिजे. कोपर बाहेर गेलं की ओळंबा बाहेर जायचा आणि काका खोकायचे. चेंडू सोडताना मनगट कसं पडावं हे त्यांनी ब्रशने दाखवलं. रेषेच्या शेवटी ब्रश उचलताना मनगट जसं आपोआप सुटतं, तसं सुटू दे, जोर मारू नकोस, असं ते सांगायचे. मनासाठी त्यांनी एक क्रम ठरवून दिला. चेंडूचे तीन टप्पे, एक श्वास, मग कड्याच्या पुढच्या बाजूला जाळी अडकवायचा जो मधला आकडा असतो, त्याच्यावर नजर. आकडा सोडून दुसरं काही बघायचं नाही, बाप मेला तरी बघायचं नाही. वस्तीतली पोरं गोळा व्हायची, चिडवायची, काका स्वतः रंगाचा रिकामा डबा बडवायचे. लेक ढिम्म हलायची नाही. तीन टप्पे, एक श्वास, आकडा.

सोळाव्या वर्षी ती दहातले नऊ टाकायला लागली. काका कड्याखाली उभे राहून चेंडू परत द्यायचे आणि चेंडू जाळीतून पडला की तो त्यांच्या ओंजळीतच यायचा, पाऊल हलवावं लागायचं नाही. अशा संध्याकाळी ते घरी येऊन दोनदा जेवायचे.

पण बाहेरच्या मैदानावर गेली की हीच पोरगी दहातले चार टाकायची. बाकी खेळ चोख, धावणं चोख, पण पंचाने शिट्टी मारून तिला रेषेवर उभं केलं की चेंडू जाऊन कड्याच्या पुढच्या काठावर आपटायचा. कधी डावीकडे नाही, कधी उजवीकडे नाही. नेहमी पुढे, थोडासा तोकडा. पहिल्या वर्षी सगळे म्हणाले, नवखी आहे. दुसऱ्या वर्षी म्हणाले, होईल. तिसऱ्या वर्षी बाई म्हणाल्या की हिचे गुडघे घाबरून आखडतात, म्हणून चेंडू तोकडा पडतो. गुडघे जास्त वाकव, पायातून जोर काढ. लेकीनं घरच्या मैदानावर तसं केलं तर चेंडू कड्यावरून जाऊन मागच्या बोर्डावर आदळायला लागला. दहातले नऊ होते त्याचे पाच झाले. काकांनी दोन दिवस बघितलं आणि बाईंचं सगळं पुसून टाकायला लावलं. हातात दोष नाही, पायात दोष नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं. मग उरलं काय, तर मन. काकांनी दोष तिथे ठेवला आणि बाईंनीही मान डोलावली. बाकीच्या मुली घरी पाच टाकायच्या आणि बाहेरही कधी पाच, कधी चार. त्यांचा नेम मुळातच इकडेतिकडे, त्यामुळे त्यांच्यावर कुणी बोट ठेवायला जात नव्हतं.

शाळा संपल्यावर बाईंनी जुन्या मुलींचाच एक संघ बांधला. लेकीच्या एकोणिसाव्या वर्षी वीज कंपनीनं आपल्या महिला संघासाठी निवड चाचणी ठेवली. निवड झाली तर कंपनीत कायमची नोकरी आणि वर खेळायला मोकळीक. एका जागेसाठी दोघी उरल्या होत्या. शेवटचा सामना, शेवटची काही सेकंदं, एका गुणानं मागे, आणि शिट्टी वाजली ती शिडीसाठी. दोन फ्री थ्रो. काका बाकावर बसून तिच्याबरोबर टप्पे मोजत होते. तिचं कोपर ओळंब्यात होतं, मनगट सुटलं ते अगदी ब्रशसारखं. चेंडू कड्याच्या पुढच्या काठावर लागून परत आला. दुसराही तसाच आला. दुसऱ्या मुलीला जागा मिळाली आणि तिच्या घरच्यांनी बाकावरच पेढ्यांचा पुडा सोडला.

परतीच्या बसमध्ये बापलेक शेजारी बसले होते. मग काका खिडकीकडे बघत म्हणाले, "तुझ्या हातात सगळं आहे. मन तेवढं नाही. भित्री आहेस तू."

त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं. एखाद्या भिंतीला ओल आहे असं सांगावं तसं म्हटलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी लेकीनं बूट बाईंना नेऊन दिले, कुणा मुलीला होतील म्हणून. काकांनीही त्या मैदानाचं काम पुन्हा घेतलं नाही. दुसऱ्या कुणी ते केलंही नाही.

तीन वर्षं गेली. लेक औषधांच्या एका मोठ्या गोदामात खोकी भरायच्या कामाला लागली होती. उंचीमुळे वरच्या फळ्या तिच्याकडे, एवढाच तिच्या उंचीचा उपयोग उरला होता. काम चोख करायची, बोलायची कमी. बाजारात एखादा दुकानदार चुकीचं माप द्यायला लागला तर ती मागे सरायची आणि काकूंना पुढे करायची. एका संध्याकाळी तिनं सहज सांगावं तसं सांगितलं की गोदामाच्या साहेबांनी पाळीची प्रमुख व्हायला विचारलंय. वीस माणसं हाताखाली, सकाळी सगळ्यांसमोर उभं राहून कामं वाटायची. काकूंचा चेहरा फुलला. लेक पान वाढून घेत म्हणाली की ती शुक्रवारी नाही म्हणून सांगणार आहे.

"ऐन वेळी माझं काय होतं, माहीत आहे ना तुम्हाला," ती म्हणाली आणि हसली. तीन वर्षांपूर्वी बसमध्ये काकांनी म्हटलेला शब्द पोरीनं जपून ठेवला होता आणि आता तो घालून ती सगळीकडे फिरत होती.

त्याच आठवड्यात शाळेतून निरोप आला. बाई निवृत्त झाल्या होत्या. नवे क्रीडाशिक्षक तरुण, हसतमुख, हातात सतत कागद. शाळेत स्पर्धा भरवायची होती आणि मैदान नियमाप्रमाणे नव्यानं आखून हवं होतं. जुन्या रेषांवर जाऊ नका काका, सगळं तक्त्याप्रमाणे मोजून घ्या, असं त्यांनी बजावलं. काकांना हे जरा लागलं. पण हल्ली गुडघ्यांमुळे रस्त्यावरची कामं कमी झाली होती, म्हणून ते गुरुवारी दुपारी ओळंबा आणि टेप घेऊन गेले.

बोर्डावरून ओळंबा सोडला, खूण केली, टेप ताणली. पंधरा फुटांवर खडू टेकवला तर खडू जुन्या रेषेच्या मागे टेकला. चांगला मागे. काकांना वाटलं, टेप सरकली. पुन्हा मोजलं. पुन्हा तिथेच. मग त्यांनी क्रीडाशिक्षकांकडून त्यांची पोलादी टेप मागून आणली. तीही तेच म्हणाली. जुनी रेषा कड्याच्या बाजूला साडेचार इंच पुढे होती.

काका उन्हात तसेच बसले. मग त्यांनी खरवडणी काढली आणि जुन्या रेषेमागचा सिमेंटसारखा करडा रंग खरवडायला सुरुवात केली. खाली पांढरा लागला. त्यावर करडा, मागे पुन्हा पांढरा. रंगारी माणसाला आपला हात ओळखू येतो. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी ते ही रेषा नव्यानं मारायचे, आणि जुन्या रेषेवर टेप धरायची नाही, जुनीच्या कडेनं जायचं, ही त्यांच्या धंद्यातली रीत होती. मोजत बसला तर वेळ जातो आणि दोन रेषा दिसायला लागतात. फ्री थ्रोच्या रेषेची मागची कड मुलींच्या बुटांनी झिजायची, पुढची शाबूत राहायची. काका शाबूत कड धरायचे, ती नीट झाकली जावी म्हणून चिकटपट्टी जराशी पुढे लावायचे, आणि मागे उरलेल्या पांढऱ्यावर करड्याचा हात मारून टाकायचे. दर वर्षी अर्धा इंच. त्यांनी कडा मोजल्या. पहिली सोडून नऊ होत्या.

मग त्यांना सगळं एकदम कळलं. रेषा दर वर्षी पुढे सरकत गेली आणि पोरीचा हात दर वर्षी तेवढाच कमी होत गेला, इतका बरोबर की चेंडू बापाच्या ओंजळीत पडायचा. बाहेरच्या मैदानांवर रेषा जिथे असायला हवी तिथे होती, आणि पोरीचा चेंडू जिथे शिकवला होता तिथे जात होता. दुसऱ्या मुलींना साडेचार इंचांनी काही फरक पडला नाही, कारण त्यांचा नेम तेवढा बारीक नव्हताच. जी अचूक होती तीच तेवढी बुडाली. वीज कंपनीच्या मैदानावर ती घाबरली नव्हती. तिनं दोन्ही फ्री थ्रो अगदी बरोबर टाकले होते.

घरी आल्यावर काकांना घास गिळवेना. काकूंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताटच बाजूला केलं. लेक अजून गोदामातून यायची होती. काकांनी सगळं सांगितलं. काकू बराच वेळ कोपऱ्यात गोळा झालेल्या डब्यांकडे बघत राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "सांगायचं तर उद्या सकाळी कामावर जायच्या आत सांग. नंतर सांगून काय करायचंय तिला?"

सकाळी काका लेकीला म्हणाले की टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नाही, जाता जाता दहा मिनिटं ये. ती आली. गोदामाचा निळा डगला, पायात चपट्या चपला, खांद्याला डब्याची पिशवी. तीन वर्षांत तिनं या मैदानावर पाऊल टाकलं नव्हतं. कड्याकडे तिनं बघितलं नाही. काकांनी ओळंबा सोडला, खूण दाखवली, टेपचं शून्याचं टोक स्वतः खुणेवर दाबून धरलं आणि फिरकी तिच्या हातात दिली.

"रेषेच्या मागच्या कडेपर्यंत ने. आकडा वाच."

ती गेली, वाकली, वाचलं. "चौदा फूट साडेसात इंच."

"किती पाहिजे?"

फ्री थ्रोचं अंतर तिला सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, "परत मोजा." काकांनी ओळंबा परत सोडला. आकडा तोच आला. तिनं तिसऱ्यांदा मोजायला लावलं. मग काका तिच्याजवळ गेले, त्यांनी खरवडलेल्या नऊ कडा तिला दाखवल्या आणि कोणती कोणत्या वर्षाची तेही सांगितलं. ही तू बारा वर्षांची होतीस तेव्हाची. ही सोळाची. असं त्यांनी नवव्या कडेपर्यंत सांगितलं.

लेकीनं चपला काढल्या आणि ती खडूच्या खुणेमागे अनवाणी उभी राहिली. मग पुढे सरून जुन्या रेषेमागे उभी राहिली. दोन्ही जागांमध्ये तिला जेमतेम पाऊल सरकवावं लागलं. हातात चेंडू नव्हता. तरी तिचं कोपर आपोआप वर आलं आणि मग तिनं ते खाली घेतलं.

"तेव्हा का नाही मोजलंत, बाबा?" तिनं विचारलं. "सगळे चेंडू एकाच जागी लागत होते. तुम्ही बघत होतात."

काकांना खोटं बोलता आलं असतं. बाईंवर ढकलता आलं असतं, धंद्याच्या रीतीवर ढकलता आलं असतं. पण गेली रात्रभर त्यांनी याच प्रश्नाचं उत्तर शोधलं होतं आणि ते एकच होतं.

"रेषा मी मारली होती," ते म्हणाले. "तिच्यावर संशय घ्यायचं मला सुचलंच नाही. तुझ्यावर घेतला."

तिनं चपला घातल्या, पिशवी उचलली. काकांना वाटलं, आता ओरडेल. त्यांना ते हवंच होतं. लहानपणी अंगणात पडली की ही पोरगी असं भोकाड पसरायची की शेजारीपाजारी धावून यायचे. पण ती बापाच्या रंगानं भरलेल्या हातांकडे बघत होती.

"म्हणजे तेव्हा मी भित्री नव्हते," ती हळूच म्हणाली.

"नव्हतीस, बाळ. कधीच नव्हतीस. आज त्या साहेबांना हो म्हण."

तिनं मान हलवली. नाही म्हणून हलवली.

"तेव्हा नव्हते," ती म्हणाली. "आता आहे, बाबा."

मग ती घड्याळाकडे बघून म्हणाली की उशीर होतोय, आणि फाटकातून निघून गेली. उंच माणसाला चालताना पाठ वाकवायची सवय लागते तशी तिलाही लागली होती. काका ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

थोड्या वेळानं क्रीडाशिक्षक कागद सावरत आले. रेषेमागचं खरवडलेलं बघून त्यांनी विचारलं की जुनी आखणी फार चुकली होती का. काकांनी सांगितलं, साडेचार इंच.

"बस, एवढंच?" ते हसून म्हणाले. "मी म्हटलं काय झालं. एवढ्यानं काय होतंय, काका."

काकांनी एका हातानं जमिनीचा आधार घेत आधी डावा गुडघा टेकला, मग उजवा, आणि जुनी रेषा खरवडायला घेतली.